दोन कुत्र्यांचा कायदा: एक्समूरच्या हरिणशिकारीची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये कुत्रे लावून होणाऱ्या शिकारीचा विषय निघाला की आधी आठवतो तो कोल्हा. हरणाची शिकार मात्र नैर्ऋत्येकडच्या एका कोपऱ्यातच टिकून राहिली: एक्समूरचे माळ, क्वांटॉकचे डोंगर आणि आसपासची शेतं. तिथे कुत्र्यांचे तीन ताफे होते. डेव्हन अँड सॉमरसेट 1855 चा, टिव्हर्टन 1896 चा आणि क्वांटॉकचा नव्याने उभारलेला ताफा 1917 पासूनचा. सावज म्हणजे लाल हरीण, आपल्या सांबराच्या नात्यातलं. शिंगांना बारा टोकं असलेल्या नराला तिकडे ‘रॉयल’ म्हणतात; आपला ‘बारशिंगा’ हा शब्दही तीच टोकं मोजतो.

2005 च्या बंदीआधी ही शिकार नेमकी कशी चालायची हे कळल्याशिवाय वाद समजत नाही. आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे ‘हार्बरर’ नावाचा माणूस झाडीच्या कडेकडेने फिरून खुरांचे ठसे पाहतो. मोठ्या नराचा ठसा रुंद आणि टाचेकडे भरलेला असतो, मादीचा अरुंद आणि टोकदार. त्याला हवा असतो पाच वर्षांचा किंवा त्याहून मोठा नर, तोही कोणत्या झाडीत बसला आहे या खात्रीसह. मग चार-पाच जोड्या अनुभवी कुत्रे आत सोडतात. (ताफ्यातले कुत्रे जोडीनेच मोजतात.) या ‘टफ्टर’ कुत्र्यांनी तो एक नर इतरांपासून वेगळा काढायचा. त्यात कधी तास-दोन तास जातात. तो मोकळ्यावर आला की पंधरा-वीस जोड्यांचा पूर्ण ताफा मागावर घालतात.

हरीण सलग पळत नाही. पुढे जातं, थांबतं, कानोसा घेतं, पुन्हा निघतं. कुत्रे त्याच्यापेक्षा हळू असतात, पण वास धरून चिवटपणे येत राहतात. शेवटी ते ओढ्यात उतरतं. पाण्याने वास तुटतो, म्हणून कुत्र्यांना दोन्ही काठांनी फिरवून माग पुन्हा जुळवावा लागतो. दमलेलं हरीण पाण्यात वळून कुत्र्यांसमोर उभं राहिलं की माणूस जवळ जाऊन बंदुकीने गोळी घालतो. म्हणजे कुत्रे सहसा हरणाला फाडत नाहीत. विरोधकांच्या प्रचारात ही गोष्ट अनेकदा गाळली जायची. आणि समर्थक ‘शेवट तर गोळीनेच होतो’ म्हणत आधीच्या तीन तासांच्या पाठलागाला बगल द्यायचे.

बिघडायच्याही जागा बऱ्याच. हुशार नर दुसऱ्या तरुण हरणाला उठवून त्याच्या जागी स्वतः दडून बसतो आणि ताफा भलत्याच मागे लागतो. कोरड्या वाऱ्यात वास टिकत नाही. माळावर धुकं उतरलं की घोडेस्वारांना ताफाच दिसेनासा होतो. हंगाम तीन असायचे: ऑगस्ट ते ऑक्टोबर मोठे नर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी माद्या, मार्च-एप्रिलमध्ये तरुण नर.

समर्थकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा इतिहासातून येतो. एक्समूरचं राजवन 1818 मध्ये विकलं गेलं आणि 1825 मध्ये जुना ताफाही विकला गेला. त्यानंतर चोरट्या शिकारीने हरणं झपाट्याने घटली. 1855 ला नवा ताफा उभा राहिल्यावर ती सावरली. कारण साधं होतं: ज्याचं पीक हरीण खातं तो शेतकरी शिकारीच्या हौसेपोटी आणि ताफ्याकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईमुळे ते सहन करायचा. ‘शिकार बंद करा, हरणंही संपतील’ हे वाक्य तिथून आलं. ते त्या काळापुरतं खरं होतं. रायफल, परवाने आणि बंद हंगाम आल्यावरही ते तसंच लागू पडतं, हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र कोणी फारशी घेतली नाही.

विरोधाची संघटित सुरुवात 1924 च्या ‘लीग’पासून, म्हणजे पुढच्या लीग अगेन्स्ट क्रुएल स्पोर्ट्स या क्रूर खेळांविरुद्धच्या संघटनेपासून. 1949 मध्ये संसदेत आलेली बंदीची दोन विधेयकं फसली आणि 1951 च्या सरकारी स्कॉट हेंडरसन समितीनेही बंदी सुचवली नाही. लीगने मग दुसरी वाट धरली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून ती एक्समूरमध्ये जमिनीचे तुकडे विकत घेऊन अभयारण्यं करू लागली. कुत्र्यांना सातबारा कळत नाही, ते घुसायचेच. 1985 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की ताफ्याच्या प्रमुखाचा तसा हेतू असेल किंवा त्याने निष्काळजीपणे कुत्रे रोखले नसतील, तर तो अतिक्रमणाला जबाबदार आहे.

खरा कलाटणीचा क्षण जमीनदाराकडूनच आला. क्वांटॉकच्या काही भागावर आणि 1944 मध्ये दान मिळालेल्या होल्निकोट इस्टेटीवर नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेची मालकी होती, म्हणजे शिकारीच्या ऐन मुलखात. 1990 मध्ये सभासदांनी बंदीच्या बाजूने मत दिलं. पुढे ट्रस्टने केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांना अभ्यास दिला. त्यांनी आणि एलिझाबेथ ब्रॅडशॉ यांनी शिकारीत मारलेली 64 हरणं आणि पाठलाग न करता रायफलने टिपलेली 50 हरणं यांचं रक्त व स्नायू तपासले. पाठलाग सरासरी तीन तास, सुमारे 19 किलोमीटर. स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेलं इंधन) जवळजवळ संपलेलं, कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) चढलेलं, तांबड्या पेशी फुटलेल्या. 1997 मध्ये अहवाल हाती येताच ट्रस्टने आपल्या जमिनीवर परवाने देणं थांबवलं.

शिकारी गटाच्या पैशातून झालेल्या दुसऱ्या विद्यापीठीय अभ्यासाने 1999 मध्ये आक्षेप घेतला: हे बदल लांब शर्यतीतल्या घोड्यासारखे आहेत आणि टोकाचा थकवा फक्त शेवटच्या टप्प्यात येतो. मोजमापांवर मतभेद त्यामानाने कमी होते, भांडण अर्थावर होतं. सरकारने नेमलेल्या 2000 च्या बर्न्स समितीने तीन ताफ्यांची वार्षिक शिकार सुमारे 160 हरणं धरली आणि पाठलागाच्या शेवटच्या टप्प्यात हरणाला बहुधा यातना होतात, असं बहुतेक शास्त्रज्ञांचं मत नोंदवलं. ‘क्रूर’ हा शब्द तिने टाळला.

कुत्रे लावून होणाऱ्या शिकारीवर बंदी घालणारा हंटिंग ॲक्ट 18 नोव्हेंबर 2004 ला मंजूर झाला, तोही लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाला डावलून, पार्लमेंट ॲक्ट वापरून. अंमल 18 फेब्रुवारी 2005 पासून. शिक्षा फक्त दंडाची. पण अपवादांत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: दोन. पिकाचं गंभीर नुकसान टाळायला किंवा मांसासाठी जास्तीत जास्त दोन कुत्र्यांनी हरीण उठवता येतं, मात्र ते दिसताच शक्य तितक्या लवकर गोळी घालायची. क्वांटॉकच्या ताफ्यातल्या दोघांनी दोन-दोन कुत्रे आळीपाळीने लावून पाठलाग लांबवला. 2007 मध्ये न्यायालयाने याला खेळासाठीची शिकार ठरवून त्यांना दोषी धरलं. त्यानंतर ताफ्यांनी दुसऱ्या अपवादाचा आसरा घेतला: वन्यप्राण्याचं निरीक्षण किंवा अभ्यास. इथेही दोनच कुत्रे, पण या कलमात लवकर गोळी घालण्याची अटच नाही.