साठच्या पुढची फ्रेम

भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून जांघेपर्यंत घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. सायकल घेण्याआधी हे एक माप तरी घेतलंच पाहिजे. माझं ९६ सेंटिमीटर भरतं. उंची ६ फूट ५ इंच. जुन्या पोलादी रेसिंग सायकलींचा ढोबळ हिशेब असा, की या मापाच्या दोन तृतीयांश एवढी सीटखालची उभी नळी हवी. म्हणजे मला ६४ सेंटिमीटरची फ्रेम लागते. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या ज्या रेसिंग सायकली आज विकायला निघतात, त्यांतल्या बहुतेक ५४ ते ५८च्या असतात. साठच्या पुढचा आकडा दिसला की मी हातातलं काम बाजूला ठेवून आधी फोन लावतो. दोन तास उशीर केला तर ती गेलेली असते.

अशी फ्रेम एकेकाळी सहज बनत होती आणि मग बनेनाशी झाली. का, ते समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

सायकलला माप असतं ही कल्पना उंच चाकाच्या सायकलीइतकी जुनी आहे. १८७०च्या दशकात कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्लीच्या 'एरियल'पासून जी सायकल लोकप्रिय झाली, तिचे पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले होते. चेन नाही, गिअर नाही. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक जेवढं मोठं तेवढा पल्ला जास्त, आणि चाक किती मोठं घेता येईल हे ठरायचं पायाच्या लांबीवर. ५० इंची चाक एका फेऱ्यात जेमतेम ४ मीटर जातं, ६० इंची चाक पावणेपाच मीटरच्या वर. लांब पाय हे तेव्हा सरळसरळ भांडवल होतं. सायकलवाले आजही गिअर 'इंचात' सांगतात, तो आकडा याच चाकाचा व्यास आहे. चाक गेलं, मोजायची रीत राहिली.

१८८५मध्ये जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' आणली. मागच्या चाकाला चेन, चाकं लहान, आणि वेग चेनच्या चक्रांवरच्या दातांच्या गणितावर. उंच माणसाचा फायदा तिथेच संपला. १८९०च्या दशकात फ्रेमला आजचा ओळखीचा आकार आला, चाकं सगळ्यांना सारखी झाली, आणि उंचीचा सगळा भार एकट्या फ्रेमवर येऊन पडला.

इंग्रज कारखान्यांनी तो भार नीट उचलला. फ्रेम २२ इंची, २४ इंची, त्याच्या पुढेही. फार उंच फ्रेम करताना आडव्या नळीखाली दुसरी आडवी नळी टाकत, म्हणजे चौकट पिळवटत नसे. आपल्याकडे घरोघरी जी काळी सायकल होती ती याच घराण्यातली. आसनसोलची सेन-रॅले, आणि १९४९मध्ये सुरू झालेल्या टी.आय. सायकल्सची अंबत्तूरची हर्क्युलस, या सायकली २२ आणि २४ इंचांत मिळायच्या. माझ्या काकांकडे २४ इंची होती. आम्ही पोरं नळीखालून पाय घालून ती कैचीने चालवायचो, कारण वरून पाय टाकला तर पेडलला पोचतच नसे. आपल्याकडे दुहेरी नळी पाहिली ती ओझ्याच्या सायकलींना, दूधवाल्याच्या किंवा गॅसची टाकी पोचवणाऱ्याच्या. तीच नळी तिकडे लांब पायांसाठीही टाकत, हे मला फार उशिरा कळलं.

आता रेसिंग सायकलीकडे येतो. जुनी पोलादी फ्रेम कशी जोडतात हे एकदा पाहिलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे 'लग' नावाचा पोकळ सांधा असतो. त्यात नळी खुपसायची आणि पितळेने किंवा चांदीने झाळायची. लगचे कोन ठरलेले, म्हणून वरची नळी आडवी, जमिनीला समांतर. मात्र फ्रेम ३ सेंटिमीटर उंच करायची तर लग तोच राहतो, उभ्या नळ्या तेवढ्या लांब कापायच्या. नवा साचा नाही, नवं यंत्र नाही. म्हणूनच एकाच मॉडेलच्या आठ-दहा मापांच्या फ्रेम कारखान्याला परवडत होत्या. उंच माणसासाठी फ्रेम करणं हा उपकार नव्हता, करवतीचा एक जादा फटका होता.

आणि ती करावीही लागे. त्या काळात सीटचा दांडा आखूड असायचा, वीतभर किंवा त्याहून थोडा जास्त. बरोबर मापाच्या सायकलीवर सीटखाली दांडा मुठीत मावेल एवढाच दिसला पाहिजे, असा संकेत होता. माझंच गणित मांडतो. १९८०च्या दशकात अमेरिकी शर्यतवीर ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झालेल्या सूत्राने पायाचं माप गुणिले ०.८८३ केलं की दोन्ही पेडल ज्याच्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटची उंची मिळते. ९६चे साधारण ८५ सेंटिमीटर होतात. ५६च्या फ्रेमवर सीट नळीच्या टोकापासून २९ सेंटिमीटर वर जाते. त्यातले ६-७ सीटचे स्वतःचे सोडले तरी दांडा २२ सेंटिमीटर बाहेर हवा, आणि जुना दांडा अख्खाच तेवढा असतो. ६४च्या फ्रेमवर हेच काम १४ सेंटिमीटरमध्ये भागतं. शिवाय फ्रेम उंच असली की हँडलही तेवढंच वर येतं. उंच माणसाची कंबर आणि मान वाचते ती इथे.

लहान फ्रेमवर लांब दांडा लावून चालवण्याची चूक मी केली आहे. ५८ची फ्रेम होती, दुकानदाराने 'दांडा वर घ्या, चालेल' असं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. दीड वर्षाने पुसताना सीटच्या लगमागे केसासारखी रेघ दिसली. नखाने खरवडली तर रंग उडाला आणि रेघ तशीच राहिली. दांड्यावरची मर्यादेची खूण बाहेर काढली की सगळा जोर त्या सांध्याच्या वरच्या काठावर येतो आणि तिथून पोलाद फाटतं.

मोठी मापं सगळ्यात सातत्याने भेटतात ती नेदरलंड्समध्ये. याचं कारण तिथल्या माणसांत आहे. १८६०च्या दशकात सैन्यभरतीला येणाऱ्या डच तरुणाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. १९८०च्या सुमारास जन्मलेल्या डच पुरुषांची सरासरी १८३च्या वर गेली, जगात सगळ्यात उंच. देश सपाट, सायकल रोजची, आणि गिऱ्हाईक पिढीगणिक वाढतंय म्हटल्यावर कारखान्यांनी मापं वाढवली. डीरेन गावची गॅझेल कंपनी १८९२पासूनची. तिच्या रेसिंग सायकलींतली 'चॅम्पियन मोंडियाल' रेनॉल्ड्स ५३१ या इंग्रजी पोलादी नळ्यांत बनायची, आणि तिच्या साठच्या पुढच्या फ्रेम अजून निघतात. १९७४मध्ये हेरेनवेनला सुरू झालेल्या कोगाने जपानच्या मियाटाशी हातमिळवणी केली; कोगा-मियाटाच्या फ्रेमचं झाळकाम मला स्वतःला फार आवडतं. मी आयंडहोवनला राहतो म्हणून या देशाची बाजू घेतोय असं नाही. उंच माणसाने जुन्या सायकलीचा शोध इथून सुरू करावा, हे मी कुणालाही सांगेन.

दुसरा मोठा साठा अमेरिकेत आहे, आणि तो जवळजवळ एका लाटेत तयार झाला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या माणसांना अचानक सायकलचं वेड लागलं. १९७३मध्ये तिथे दीड कोटीच्या आसपास सायकली विकल्या गेल्या. शिकागोच्या श्विनने 'व्हार्सिटी' २६ इंची फ्रेममध्येही दिली, म्हणजे ६६ सेंटिमीटर. सायकल जड, १७ किलोच्या घरात, पण पाय पुरतात. रॅलेची मोठी फ्रेम साडेपंचवीस इंची, जवळपास ६५. फुजी, निशिकी, मियाटा यांनी अमेरिकी गिऱ्हाइकासाठी ६३-६४पर्यंत मजल मारली, आणि त्यांचं काम युरोपातल्या बऱ्याच कारखान्यांपेक्षा सुबक होतं. १९८७मध्ये जपानात पॅनासॉनिकने तर दुकानात माणूस मोजून माप फॅक्सने कारखान्याला पाठवायची आणि एकेक सायकल त्या मापाने बनवायची सोय काढली.

इटलीचं तसं नव्हतं. तिथले कारखाने शर्यतवीरांकडे पाहून मापं ठरवायचे, आणि शर्यतवीर बहुधा मध्यम उंचीचे. १.८८ मीटरचा स्पॅनिश मिगेल इंदुराईन शर्यतवीरांत उंच गणला जायचा. १.९४ मीटरचा एरोस पोली १९९४च्या तूर द फ्रान्समध्ये एकट्याने पुढे पळाला आणि माँ व्हाँतूच्या पायथ्याशी पोचला तेव्हा आघाडी इतकी मोठी होती, की चढावर एवढ्या मोठ्या देहाला जो वेळ गमवावा लागतो तो गमावूनही कार्पांत्रासचा टप्पा त्यानेच जिंकला. उंच माणसाने ती शर्यत एकदा तरी पाहावी.

जुन्या उंच फ्रेममध्ये सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. वरच्या नळीचा व्यास १ इंच आणि खालच्या तिरक्या नळीचा १ इंच १ सूत, माप ५२ असो की ६४. नळी लांब झाली, जाडी तीच राहिली, मग ती जास्त पिळवटते. लिंबुर्गमध्ये काउबर्ग उतरताना ताशी ५० किलोमीटरच्या पुढे माझ्या हातातलं हँडल एकदम थरथरायला लागलं. आधी वाटलं चाक सैल झालंय. हा पुढच्या भागाचा डुगडुगणारा कंप उंच फ्रेममध्ये जास्त आढळतो. उपाय एकच: घट्ट धरू नका, वेग हळूहळू कमी करा आणि एक गुडघा आडव्या नळीला दाबून ठेवा. कारखान्यांना हे माहीत होतं. कोलंबस या इटालियन कंपनीच्या 'एसएल' नळ्या हलक्या, तर 'एसपी' नळ्यांची भिंत जाड, आणि त्या मोठ्या फ्रेमसाठी, वजनदार स्वारासाठी असत. जुन्या इटालियन उंच फ्रेमवर 'एसपी'चं लेबल दिसलं तर मी दोन पैसे जास्त देतो. दुसरी खोड अशी की उभी नळी वाढवताना आडवी नळी त्या प्रमाणात वाढवत नसत. हात लांब असतील तर हँडल फ्रेमला जोडणारा आडवा दांडा लांबीचा घ्यावा लागतो.

नळीच रुंद करायची ही खरी उकल. पातळ भिंतीच्या नळीचा व्यास वाढला की ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १९७०च्या दशकात एमआयटीत शिकणाऱ्या गॅरी क्लाइनने जाड अॅल्युमिनियम नळ्यांवर काम केलं, १९८३मध्ये कॅननडेलची अॅल्युमिनियम सायकल आली. उंच स्वारासाठी तो काळ सगळ्यात चांगला: माप मोठं आणि फ्रेम ताठ.

मग उतार लागला, आणि तो आडव्या नळीला लागला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानच्या जायंटने इंग्रज डिझायनर माइक बरोज यांच्या कल्पनेतली 'टीसीआर' आणली. वरची नळी मागे उतरती, सीटचा दांडा लांब, आणि आठ-दहा मापांऐवजी लहान, मध्यम, मोठं. फ्रेम हलकी आणि ताठ झाली, दुकानदाराचा साठा आटोपला. पुढे कार्बन फायबरच्या फ्रेम आल्या, आणि तिथे प्रत्येक मापाला वेगळा महागडा साचा. नळी लांब कापण्याची सोय गेली, तसा कडेचा माणूसही कॅटलॉगमधून गेला. ज्यांना आजही हवं ते मिळतं त्यांनी ते बहुधा बनवून घेतलेलं असतं. दिवंगत बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन, उंची ६ फूट ११ इंच, आयुष्यभर सायकलवर मनापासून प्रेम करणारा माणूस. त्याच्या सायकली खास त्याच्यासाठी बनत. कोलोरॅडोतल्या बोल्डरचे लेनर्ड झिन स्वतः साडेसहा फूट आहेत आणि मुख्यतः उंच लोकांसाठी फ्रेम करतात.

जुनी शोधायची तर जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. कुणी नळी मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो, कुणी टोकापर्यंत, दीड-दोन सेंटिमीटरचा फरक तिथेच पडतो. फोटोत हँडलखालची छोटी उभी नळी पाहा. दोन लगांमध्ये बरीच मोकळी नळी दिसली तर फ्रेम खरोखर मोठी आहे. लग जवळजवळ एकमेकांना टेकलेले असतील तर विक्रेता काहीही म्हणो, ती लहान आहे. तिरक्या नळीवर, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मागे रंगाला सुरकुती पडली असेल तर समोरून धडक बसलेली आहे, सोडून द्या. जुन्या फ्रेंच सायकली स्वस्त मिळतात, पण त्यांचे आटे वेगळे, सुटे भाग शोधताना दमछाक होते.

माझी आत्ताची गॅझेल ६५ची. ज्या आजोबांकडून घेतली ते दारात वाकून उभे होते. त्यांनी ती नवी घेतली होती, मुलगा आणि नातू दोघांनाही ती उंच पडली, म्हणून चाळीस वर्षं शेडमध्ये जवळजवळ कोरी राहिली. मी बसलो तेव्हा त्यांनी सीटला हातही लावू दिला नाही, तशीच बरोबर होती. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, मात्र १७० मिलिमीटरचाच आहे, मधल्या उंचीच्या माणसाचा. सुटे भाग बनवणाऱ्या इटलीच्या काम्पान्योलोने १८०चाही बनवला होता, पण तो क्वचित निघतो. गेल्या शरदात उत्रेख्टजवळच्या जुन्या बाजारात १८०चा एकटा डावा क्रँक मिळाला, तो घेऊन ठेवलाय. उजवा शोधतोय.