जुन्या गाडीचा अलार्म रात्री-अपरात्री का वाजतो?

जळगाव-धुळ्याकडे सेकंडहँड गाडी घेतली की बरेचदा तिच्यात आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला अलार्म असतो. मात्र त्याचे माहितीपत्रक, दुसरा रिमोट किंवा वायरिंग करणाऱ्या कारागिराचा पत्ता यांपैकी काहीच नव्या मालकाच्या हाती येत नाही. मग जूनमधल्या पहिल्या पावसाच्या रात्री अंगणात उभ्या गाडीचा सायरन अचानक सुरू होतो, गल्ली जागी होते आणि सकाळी कुणीतरी अलार्मच्या वायरी कापून टाकायला सांगतो. तसे मुळीच करू नये. अशा अनेक संचांत स्टार्टरकडे जाणारी मूळ वायर तोडून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवलेला असतो, आणि चुकीची वायर कापली गेली तर गाडी सेल मारणेच बंद होते.

अलार्मची पेटी आपले सगळे निर्णय काही मोजक्या वायरींवरच्या व्होल्टेजवरून घेते. दरवाजाच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरवर ती एका मोठ्या रोधातून सुमारे १२ व्होल्ट धरून ठेवते. दरवाजा उघडला की स्विच ती वायर गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडतो, व्होल्टेज शून्याजवळ येते आणि पेटी दरवाजा उघडल्याचे मानते. बॉनेटखालच्या पिन-स्विचचे कामही असेच चालते, फक्त तो उघड्यावर असतो. त्याच्याभोवती साचलेल्या धुळीत पावसाचे पाणी मुरले, की त्या ओलाव्यातून थोडा प्रवाह अर्थकडे झिरपू लागतो आणि बॉनेट बंद असूनही पेटीला ते उघडल्यासारखे वाटते. पहिल्या पावसाशी सायरनचे नाते असते ते यामुळे. त्या स्विचची वायर काढून, तिचे टोक टेपने झाकून एक रात्र गाडी उभी ठेवली आणि सायरन वाजला नाही, तर दोष तिथेच आहे.

मात्र त्याआधी बॅटरी मोजावी, कारण कमजोर बॅटरी इतर सगळ्या चाचण्यांना फसवते. काही तास उभ्या असलेल्या गाडीत चांगली चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, तर १२ च्या खाली आलेली जवळपास रिकामी असते. सेल मारताना स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. त्या क्षणी व्होल्टेज फार खाली गेले तर पेटीतला नियंत्रक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि गाडी चोरली जात असल्यासारखा सायरन वाजवू लागतो.

खानदेशात माझा सर्वांत जास्त संशय असतो तो जोडांवर. भुसावळच्या एका नातेवाइकाच्या गाडीचे स्टिअरिंगखालचे कव्हर काढले, तेव्हा वायरींचे सोललेले पदर नुसते पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली दिसली. टेपचा गोंद वितळून बोटांना चिकटत होता, टेप सरकली होती आणि आतले तांबे हिरवट पडले होते. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड याहून कितीतरी अधिक तापतो आणि अशी टेप त्यात टिकत नाही. तापून-निवून जोड सैल होतो आणि त्याचा रोध वाढतो. सायरन वाजत असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी अलार्मच्या अर्थ वायरीला लावावी, वाचन ०.१ व्होल्टच्या फार वर गेले, तर पत्रा घासून अर्थ नव्याने घट्ट करावा. जोड सोल्डर करून त्यावर तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी. पिवळ्या आवरणातल्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये.

रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक जाताना वाजणाऱ्या अलार्मचे कारण निराळे असते. बहुतेक धक्का-संवेदकांत दाब पडताच वीज निर्माण करणारी चकती असते. हा गुणधर्म झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. संवेदकावर बहुधा एक छोटा स्क्रू असतो, तो किंचित फिरवून संवेदनशीलता कमी करता येते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस गाडी उभी राहिली आणि नंतर सेलच घेईना, तर गळतीचा प्रवाह मोजावा. मीटर १० अँपिअरवर ठेवून तो बॅटरीचे ऋण टोक आणि तिची केबल यांच्यामध्ये जोडावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबावे, आणि मीटर जोडलेला असताना सेल मुळीच मारू नये. ५० मिलिअँपिअरपर्यंतचे वाचन सहसा चालते. २०० आले, तर ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरीही हिशेबाने १७५ तासांत, म्हणजे आठवडाभरात रिकामी होते, आणि सेल मारण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. अशा वेळी अलार्मच्या वायरीवरच बसवलेला फ्यूज शोधून तो उपसावा. वाचन लगेच खाली आले, तर दोष अलार्ममध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. नाही आले, तर डिकीतला दिवा आणि म्युझिक सिस्टिम तपासायला घ्यावी.