मराठी अक्षर मोडलं तर दाद कुठे मागायची? युनिकोडकडे धावण्याआधी हे वाचा

ॲपमधे 'आचाऱ्यांना' लिहिलं आणि स्क्रीनवर 'आचार्यांना' उमटलं, म्हणजे बोलावलं स्वयंपाक्याला आणि आले गुरुजी, की आपण डेव्हलपर लोक लगेच युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या, नावाने बोटं मोडतो. मी पण मोडली होती, तिकीट टाकलं आणि ते 'आमचा विषय नाही' म्हणून बंद झालं. बरोबरच होतं त्यांचं.

आधी स्ट्रिंगमधले कोडपॉइंट, म्हणजे अक्षरांचे युनिकोड क्रमांक, बघा. ऱ म्हणजे यू+०९३१, मग हलन्त, मग य असं हवं. तिथे साधा र (यू+०९३०) असेल तर चूक आपलीच. बऱ्याचदा हिंदीसाठी लिहिलेलं नुक्ता (अक्षराखालचा टिंब) काढणारं क्लीनिंग चालू असतं आणि नॉर्मलायझेशनमधे, म्हणजे मजकूर एकसारख्या कोडपॉइंटमधे बसवताना, ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होऊ शकतात, मग नुक्ता गेला की गुरुजी हजर.

कोडपॉइंट बरोबर पण आकार चुकीचा? मग तेच वाक्य दुसऱ्या फॉन्टमधे लावा. तिथे नीट दिसलं तर त्या फॉन्टच्या गिटहब रेपोत इश्यू टाका, सगळ्याच फॉन्टमधे बिघडलं तर शेपिंग इंजिनकडे, म्हणजे कोडपॉइंटवरून जोडाक्षरांचे आकार जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जा; क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइडवर ते हार्फबझ. सोबत लागतं ते एवढंच: एक शब्द, त्याचे कोडपॉइंट, फॉन्ट आणि ॲपची व्हर्जन, स्क्रीनशॉट आणि छापील पुस्तकात तो कसा दिसतो त्याचा फोटो. अख्खा परिच्छेद पाठवू नका, कोणी वाचत नाही.

वेब पानावर ओळ भलत्या जागी तुटते, जोडाक्षर मधेच फुटतं, असलं काही असेल तर डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची मानकं ठरवणारी संस्था) इंडिक लेआउटचं, म्हणजे भारतीय लिप्यांच्या मांडणीचं, काम गिटहबवर चालतं, तिकडे जा. महिन्यांची नावं, तारखेचा फॉरमॅट हे मात्र युनिकोडच्याच सीएलडीआर प्रोजेक्टचं (भाषावार माहितीचा साठा), त्यात मराठीचा कोड 'एमआर'. त्यांच्या जिरावर (तक्रारी नोंदवायची साइट) तिकीट टाकता येतं, किंवा ही माहिती भरायच्या सर्व्हे टूलचं अकाउंट मागा, पण ते ठरावीक काळातच उघडं असतं.

नवीन अक्षरच हवं असेल तर मात्र युनिकोडचं मुख्य दार. पात्रता काही नाही, मेंबरशिप, डिग्री, कंपनी काही लागत नाही, फी पण नाही. लागतो प्रस्ताव: अक्षराचं नाव, आकार, गुणधर्म, तक्त्यासाठी फॉन्ट आणि मुख्य म्हणजे छापील वापराचे पुरावे. 'ॲ' असाच २००८ मधे ५.१ आवृत्तीत आला. 'क्ष'ला वेगळा कोड मागायला जाऊ नका, क, हलन्त, ष यातून तो बनतो म्हणून परत पाठवतील. मंजुरीला वर्षं जातात. आणि नाव देताना दहादा विचार करा, कारण एकदा लागलं की ते बदलत नाहीत, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी.