तलफेवर निकोटिनचाच उतारा

सिगारेट सोडायला निघालेल्या माणसाला डॉक्टर तंबाखूतल्या निकोटिनचाच, त्वचेवर चिकटवायचा पॅच लिहून देतात, तेव्हा तो बुचकळ्यात पडतो. ज्याच्यापासून सुटका हवी, तेच पुन्हा अंगात घ्यायचं? शंका रास्त आहे. निकोटिन मेंदूपर्यंत किती वेगाने पोचतं हे पाहिलं की ती फिटते.

झुरका ओढला की धूर फुप्फुसांत जातो, तिथून निकोटिन रक्तात उतरतं आणि 10 ते 20 सेकंदांत मेंदू गाठतं. तिथल्या रिसेप्टरांना, म्हणजे पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांना, ते चिकटलं की डोपामाइन हे सुखाची जाणीव देणारं रसायन स्रवतं आणि बरं वाटतं. झुरका आणि बरं वाटणं यांत अंतर इतकं कमी, की मेंदू दोन्हींची गाठ पक्की मारून टाकतो. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की या रिसेप्टरांची संख्याही वाढते. रक्तातलं निकोटिन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं. त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर ते अगदी तळाला गेलेलं असतं आणि सकाळची पहिली सिगारेट टाळणं सगळ्यात अवघड जातं. एकदम सोडली तर चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं, झोप उडणं, सारखी भूक लागणं हे सगळं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात त्याचा जोर सर्वात जास्त असतो, पुढच्या 3-4 आठवड्यांत तो ओसरतो. पुष्कळ जण याच टप्प्यात पुन्हा सिगारेट पेटवतात. त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

निकोटिनचा पॅच, गम किंवा चोखायची गोळी नेमका हा टप्पा सुसह्य करते. कॅन्सर, फुप्फुसांचे आणि हृदयाचे आजार होतात ते मुख्यतः धुरातल्या डांबरामुळे, कार्बन मोनॉक्साइडमुळे आणि इतर हजारो रसायनांमुळे. निकोटिन निरुपद्रवी नाही, व्यसन त्याचंच लागतं. पण पॅचमधून ते तासन् तास झिरपत राहतं आणि गममधून रक्तात भरायला अर्धा तास लागतो. झुरक्यासारखा झटका मेंदूला बसत नाही, तलफ मात्र बोथट होते. सिगारेटची मजा यात मिळत नाही, आणि ती मिळू नये अशीच ही औषधं बनवलेली आहेत.

गमची कल्पना निघाली ती पाणबुडीतून. 1960च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं, की पाणबुडीत धूम्रपानाला बंदी असल्यामुळे तिथले खलाशी तंबाखू चघळून तलफ भागवतात. औषध कंपनीत काम करणाऱ्या ऊवे फर्ने यांनी त्यावरून निकोटिनचा गम तयार केला. 1978मध्ये स्वित्झर्लंडने आणि 1984मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. 2009पासून गम आणि पॅच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

‘गम घेऊन पाहिला, काही उपयोग झाला नाही’ असं बरेच लोक सांगतात. अशा वेळी तो कसा चघळला हे आधी विचारावं. साध्या च्युइंग गमसारखा भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि त्यातलं बहुतेक यकृतातच नष्ट होतं. हाती येते ती उचकी, जळजळ आणि मळमळ. खरी पद्धत वेगळी आहे. सावकाश चावायचा, तोंडात तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबायचं आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा थोडा चावायचा, जागा बदलायची. असं साधारण अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जायला हवं, आणि त्यासाठी तोंड किंचित अल्कधर्मी लागतं. म्हणून गम तोंडात टाकण्याआधी 15 मिनिटं आणि तो असेपर्यंत कॉफी, कोला किंवा फळांचा रस घ्यायचा नाही. आम्लाने सगळा खेळ बिघडतो.

दुसरी चूक म्हणजे कमी घेणं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर 2 ऐवजी 4 मिलिग्रॅमचा गम लागतो. पॅचने दिवसभराची पातळी सांभाळायची आणि मध्येच तलफ उसळली की गम किंवा गोळी घ्यायची, ही जोडी एकट्या औषधापेक्षा जास्त लोकांची सिगारेट सोडवते. एकेकटं औषधही सिगारेट सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट करतं. पॅच रोज नव्या जागी, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावावा. रात्री स्वप्नं फार पडू लागली तर झोपताना काढून ठेवावा. वापरून झालेल्या पॅचमध्येही निकोटिन उरतं, तेव्हा तो चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं.

कॉफीबद्दल आणखी एक. धुरातली काही रसायनं यकृताला कॅफिनचा निचरा लवकर करायला लावतात. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो आणि नेहमीच्याच कपांनी रक्तातलं कॅफिन बरंच चढतं. छातीत धडधड, हातांना कंप, झोप नाही. हे सगळं सिगारेट सोडल्याचे हाल समजून माणूस हार मानतो. कॉफी निम्म्यावर आणली तरी बराच फरक पडतो.

हे उपचार साधारण 8 ते 12 आठवडे चालतात आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली जाते. मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली, तर पॅच उपटून फेकायचं कारण नाही. तो चालू ठेवावा आणि पुढची सिगारेट टाळावी.