नोटर डेम: धर्मसंघाकडून विश्वस्तांकडे

अमेरिकेतली कॅथलिक विद्यापीठं कितपत कॅथलिक उरली आहेत, हा वाद निघाला की बोट हमखास इंडियाना राज्यातल्या नोटर डेमकडे आणि तिथल्या 1967 या सालाकडे जातं. विद्यापीठ चालवणाऱ्या धर्मसंघाने, म्हणजे व्रतस्थ धर्मगुरू आणि बंधूंच्या कॅथलिक संघाने, त्या वर्षी मालकी सोडली आणि कारभार विश्वस्त मंडळाच्या हाती दिला. त्या मंडळात बहुमत प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्यांचं, होतं. जुने टीकाकार याला आजही ‘विद्यापीठ सोडून दिलं’ असंच म्हणतात.

त्याआधीची सव्वाशे वर्षं थोडक्यात आटोपता येतात. नोव्हेंबर 1842 मध्ये 28 वर्षांचा एक फ्रेंच धर्मगुरू काही व्रतस्थ बंधूंना घेऊन साउथ बेंडजवळच्या तळ्याकाठी पोचला, तेव्हा सगळीकडे बर्फ पडलेलं होतं. 524 एकर जमीन बिशपांनी दिली होती, ती कॉलेज उभं करण्याच्या अटीवर. 1844 मध्ये राज्याची सनद मिळाली. ‘विद्यापीठ’ हे बिरुद तेव्हा जरा मोठंच होतं, कारण पुढे कित्येक दशकं तिथे लहान मुलांची निवासी शाळाही चालायची. ती 1929 मध्ये बंद झाली. 23 एप्रिल 1879 रोजी मुख्य इमारत जळून खाक झाली, तरी त्याच वर्षी शरद ऋतूत नव्या इमारतीत वर्ग भरले. 1920 च्या दशकात अमेरिकन फुटबॉलने विद्यापीठाचं नाव देशभर नेलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या प्रशिक्षणार्थींमुळे वसतिगृहं रिकामी पडली नाहीत.

खरी वाढ झाली ती 1952 ते 1987 या एकाच अध्यक्षाच्या कारकिर्दीत. या काळात विद्यार्थी सुमारे 5,000 वरून 9,600 वर गेले आणि कायमनिधी (मूळ रक्कम गुंतवून ठेवलेला देणग्यांचा निधी) 90 लाख डॉलरवरून 35 कोटींवर. एवढा पसारा एका धर्मसंघाने आपल्या मनुष्यबळावर सांभाळणं अवघड होतं. त्यात सरकारी पैशांचा प्रश्न होता. 1963 च्या कायद्याने कॉलेजांच्या बांधकामासाठी केंद्राची मदत खुली झाली, पण 1966 मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन कॅथलिक महिला कॉलेजांना राज्याने दिलेलं बांधकाम अनुदान घटनाबाह्य ठरवलं. चर्चचं नियंत्रण जितकं उघड, तितका अनुदानाला धोका, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. म्हणून ‘पैशासाठी धर्म विकला’ हा आरोप अगदीच निराधार नाही, पण अर्धवट आहे.

जुलै 1967 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ’लेक्स इथे, नोटर डेमच्याच मालकीच्या जागेत, कॅथलिक विद्यापीठांशी संबंधित 26 जण जमले आणि त्यांनी एक निवेदन काढलं. कॅथलिक विद्यापीठाला विद्वत्समुदायाबाहेरच्या कोणत्याही सत्तेपासून, मग ती प्रापंचिकांची असो वा धर्मगुरूंची, खरी स्वायत्तता हवी, असा त्याचा आशय. टीकाकार हेच वाक्य उद्धृत करून थांबतात. कॅथलिक श्रद्धा विद्यापीठात ठळकपणे दिसली आणि कार्यरत राहिली पाहिजे, असंही त्याच निवेदनात आहे.

नोटर डेमची घडीही एवढी सरळ नाही. विश्वस्तांच्या वर 12 फेलोंचं मंडळ आहे, त्यात सहा त्याच धर्मसंघाचे धर्मगुरू आणि सहा प्रापंचिक. नियमावलीत बदल करायचा तर या मंडळाचं दोन तृतीयांश मत लागतं, म्हणजे सहा धर्मगुरू एकत्र राहिले तर काहीच बदलू शकत नाही. अध्यक्षही याच संघाचा धर्मगुरू असला पाहिजे. ‘सोडून दिलं’ म्हणणाऱ्यांनी ही कलमं एकदा वाचावीत.

शेजारच्या महिला कॉलेजशी विलीनीकरणाची बोलणी 1971 मध्ये फिसकटली आणि 1972 पासून विद्यापीठाने स्वतःच पदवीला मुलींना प्रवेश दिला. 1990 मध्ये पोपच्या एका दस्तऐवजाने कॅथलिक विद्यापीठांचं चर्चशी असलेलं नातं पुन्हा लेखी बांधलं. अमेरिकन बिशपांनी 1999 मध्ये त्यावर नियम केले, आणि ईशज्ञान शिकवणाऱ्या कॅथलिक प्राध्यापकाने स्थानिक बिशपांकडून अधिकारपत्र घ्यावं, असं ठरलं. 2009 मध्ये गर्भपाताच्या हक्काचं समर्थन करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना मानद पदवी द्यायचं ठरलं, तेव्हा स्थानिक बिशप समारंभाला आले नाहीत. समारंभ मात्र ठरल्याप्रमाणे झाला. 2024 मध्ये सूत्रं हाती घेणारे नवे अध्यक्षही त्याच धर्मसंघाचे धर्मगुरू आहेत.