किल्लारीच्या काळ्या दगडाखाली

१९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल भोक घेतलं, तेव्हा आपला काळा कातळ ३३८ मीटरवरच संपला. पुढे थोडा गाळाचा थर, आणि त्याखाली ग्रॅनाइटी पट्टिताश्म, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक. वरचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर खालचा पाया अडीचशे कोटींहून जुना. हाच पाया कर्नाटकात उघडा पडतो. बंगळुरूच्या लालबागेतल्या खडकावर लोक फिरायला जातात, तो याच कुळातला. हे धारवाडचं क्रॅटॉन, म्हणजे खंडाचा अतिप्राचीन, टिकून राहिलेला तुकडा.

क्रॅटॉन म्हणजे भूपट्ट, पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा, नव्हे; ही गल्लत फार होते. भारतीय भूपट्टात समुद्राचा तळही येतो, आणि जमिनीखाली धारवाड, बस्तर, सिंगभूम, बुंदेलखंड, अरवली असे जुने तुकडे गोधडीसारखे जोडलेले आहेत. त्यांतली एक मोठी शिवण नर्मदा-सोन खोऱ्यातून जाते. १९९७चा जबलपूरचा भूकंप तिथलाच.

हे तुकडे इतकी वर्षं टिकले ते खालच्या मुळांमुळे. प्राचीन काळी वितळून लोह आणि पाणी निघून गेल्यामुळे तिथलं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, हलकं आणि ताठ झालं. ते बुडत नाही, सहजी वाकतही नाही. पुरावा हिऱ्यांचा. हिरा तयार व्हायला दीडशे किलोमीटरच्या आसपास खोली लागते, आणि आंध्रातल्या वज्रकरूरला किंबरलाइटच्या, म्हणजे खोलातून उसळलेल्या ज्वालामुखी खडकाच्या, नळ्यांतून तो वर आला आहे. म्हणजे हे दगड वर आले त्या काळी तरी मूळ तेवढं खोल होतं.

मात्र भूपट्ट चालला की क्रॅटॉनही चालतं. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. हिमालयात धडक बसते आणि तिचा दाब ताठ पट्टातून थेट लातूरपर्यंत पोचतो. एरवी काही होत नाही. पण पोटात एखादी जुनी भेग असेल, तर हजारो वर्षं साठलेला ताण तिथे सुटतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे तो अगदी उथळ सुटला. तीव्रता ६.२ म्हणजे हिमालयाच्या मानाने मध्यमच, पण दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद! जवळपास दहा हजार माणसं गेली.

त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होतं. २००२च्या नकाशात तो विभागच काढून टाकला, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.