कळलावी आणि काळजातली कळ

श्रावण-भाद्रपदात खानापूरहून जांबोटीकडे निघालं की कुंपणांवर चढलेली कळलावी दिसते. लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्या. पानांच्या टोकाला वेटोळं. बघावी, तोंडात घालू नये. तिचा कंद रताळ्यासारखा दिसतो आणि रताळं समजून तो खाल्लेली माणसं दगावलेली आहेत. बेळगाव-खानापूर म्हणजे रताळ्याचा मुलूख, म्हणून हे आधी सांगितलं. त्या कंदातल्या विषाचं नाव कोल्चिसिन. हेच कोल्चिसिन आज अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून हृदयविकाराच्या काही रुग्णांना देतात.

ते कसं, हे समजायला रक्तवाहिनीच्या भिंतीत डोकवावं लागतं. नळात गाळ बसावा तशी चरबी साचते, असं आपण धरून चालतो. पण ही भिंत जिवंत असते. वाईट कोलेस्टेरॉल तिच्या आत शिरतं. ते गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, गिळून फुगतात आणि तिथंच मरतात. कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक पेशींना टोचतात. मग पेशी इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा रेणू सोडून आणखी कुमक मागवतात. बोटातला काटा काढला की सूज उतरते. इथं काटा निघतच नाही. वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या या दाहानं चरबीच्या थरावरचं आवरण पातळ होत जातं, एखाद्या दिवशी फाटतं, तिथं रक्ताची गुठळी होते आणि छातीत कळ येते.

जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच या रोगात दाह ओळखला होता. ठोस पुरावा मिळाला तो २०१७ साली. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या चाचणीत फक्त इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं औषध वापरलं. कोलेस्टेरॉल होतं तेवढंच राहिलं, तरी मधल्या मात्रेत पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण औषध भलतंच महाग, शिवाय जंतुसंसर्गानं होणारे मृत्यू वाढले.

म्हणून नजर वळली गाऊटच्या, म्हणजे सांधे सुजून ठणकण्याच्या दुखण्याच्या, जुन्या, स्वस्त गोळीकडे. कोल्चिसिन पांढऱ्या पेशींची धावपळच मंदावतं. २०१९ च्या चाचणीत धोका २३ टक्के घटला, २०२० च्या चाचणीत ३१ टक्के. २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. त्यामुळे सरसकट कुणी ही गोळी देत नाही, आणि मला ते बरोबर वाटतं.

दाह मोजायला हाय-सेन्सिटिव्ह सीआरपी ही रक्ततपासणी असते. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत धोका कमी, ३ च्या वर जास्त. पण ताप किंवा दाढदुखी असताना ती करून घाबरून जाऊ नये. आकडा १० च्या पुढे गेला तर बहुधा दुसरंच काही असतं, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं. निपाणीच्या तंबाखूवर या भागातली कितीतरी घरं चालली, हे खरंच. पण विडीचा धूर हाच दाह रोज नव्यानं पेटवतो.

कळलावीचा काढा कुणी सुचवलाच, तर एवढं ध्यानात ठेवा: कुठल्या कंदात किती कोल्चिसिन आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. आणि गोळीतसुद्धा औषध आणि विष यांत फार अंतर नसतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला डॉक्टर तीही जपूनच देतात.